राजाज्ञेने वाट बंद झाली, भाडे कुणाकडे राहिले? : विमानतिकिटांच्या परताव्याचा इतिहास

१.
२२ मार्च २०२० पासून परदेशातून भारतात येणारी नियमित प्रवासी विमाने बंद झाली. २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशांतर्गत उड्डाणेही थांबली. लोकांच्या हाती तिकिटे होती आणि त्यांचे पैसे विमान कंपन्यांकडे जमा होते. उड्डाण रद्द होण्यात प्रवाशाचा दोष नव्हता, कंपनीचाही नव्हता. ते सरकारी हुकुमाने थांबले होते. मग आगाऊ दिलेले भाडे कुणाचे? हा प्रश्न करोनाच्या काळात घरोघरी पोहोचला, पण त्याचा इतिहास विमानापेक्षाही जुना आहे. या थ्रेडमध्ये तो क्रमाने पाहू.

२.
प्रथम व्यवहाराचे स्वरूप. किराणा दुकानात माल हाती आल्यावर पैसे दिले जातात. विमानतिकिटात पैसे आज घेतले जातात आणि सेवा कित्येक आठवड्यांनी मिळते. विमान उडेपर्यंत ती रक्कम हिशेबाच्या वहीत कंपनीची कमाई नसते, ते देणे असते. प्रत्यक्षात मात्र इंधन, विमानांचे भाडे आणि पगार यांवर तीच रक्कम खर्च होत राहते. उद्याच्या प्रवाशाच्या पैशावर आजचे विमान उडते. नवी तिकिटे विकली जात आहेत तोवर हे चक्र चालते. विक्री थांबली की परताव्यासाठी लागणारी रोकड तिजोरीत उरत नाही.

३.
ही पद्धत समुद्रावरून आलेली आहे. इंग्रजी सागरी व्यापाराची जुनी रूढी अशी, की जहाजाला आगाऊ दिलेले भाडे जहाज वाटेत बुडाले तरी परत मिळत नसे. या रूढीचे मूळ इंग्रज न्यायाधीशांनी हिंदुस्थानच्या लांबलचक सफरींत शोधले होते. आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या सफरीचा खर्च आधीच उचलावा लागे आणि त्यासाठी जहाजमालकाला रोख रक्कम हवी असे. व्यापारी आपल्या आगाऊ भाड्याचा विमा उतरवून ठेवत. म्हणजे वाहतूकदाराची पैशाची गरज हे कारण शतकांपूर्वीही पुढे केले जात होते. फरक एवढाच, की त्या व्यापाऱ्यापाशी विम्याचे संरक्षण होते.

४.
राज्यसत्तेने वाट बंद करणेही नवे नाही. मुंबईत प्लेग पसरल्यावर १८९७ मध्ये सरकारने तेथून निघणारी हजयात्रा थांबवली होती. युद्ध आणि साथ या दोन प्रसंगी बंदरे बंद होतात, हे व्यापारी आणि कायदेपंडित दोघांनाही ठाऊक होते. म्हणूनच १ सप्टेंबर १८७२ पासून अमलात आलेल्या भारतीय करार अधिनियमात याची तरतूद आढळते. कलम ५६ सांगते, की करार केल्यानंतर एखादी कृती अशक्य किंवा बेकायदेशीर झाली, तर करार निरर्थक ठरतो.

५.
त्या कलमाखाली दिलेले एक उदाहरण लक्षणीय आहे. एकाने दुसऱ्यासाठी परदेशी बंदरात माल भरून घेण्याचा करार केला; पुढे त्याच्याच सरकारने त्या देशाविरुद्ध युद्ध पुकारले. युद्ध जाहीर होताक्षणी करार संपतो. कुणी लबाडी केलेली नाही, कुणी शब्द मोडलेला नाही, तरी सरकारच्या कृतीने वाट बंद झाली आणि करार संपला. २०२० मधील उड्डाणबंदीचे हे जणू पूर्वचित्रच होय.

६.
करार संपला, पण पैशाचे काय? त्याचे उत्तर कलम ६५ मध्ये आहे. करार निरर्थक झाल्यास ज्याने त्याखाली काही लाभ घेतला असेल, त्याने तो परत करावा किंवा त्याची भरपाई द्यावी. येथील उदाहरण एका गायकाचे आहे. मैफलीसाठी त्याने १,००० रुपये आगाऊ घेतले आणि आजारपणामुळे तो गाऊ शकला नाही. मैफल झाली असती तर आयोजकाला जो नफा झाला असता, तो भरून देण्याचे बंधन गायकावर नाही. आगाऊ घेतलेले १,००० रुपये मात्र त्याने परत केलेच पाहिजेत.

७.
ही विभागणी नीट समजून घेण्यासारखी आहे. दोष नसेल तर नुकसानभरपाई नाही. परंतु दोष नसला तरी मूळ रक्कम परत. भरपाई आणि परतावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२० मध्ये ‘हे आमच्या हातात नव्हते’ असे उत्तर अनेक प्रवाशांना ऐकावे लागले. ते उत्तर भरपाईच्या मागणीला लागू पडते. परताव्याच्या मागणीला ते उत्तर होत नाही, कारण परतावा ही शिक्षा नव्हे. जी सेवा दिलीच नाही, तिचे पैसे ठेवून घेता येत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ आहे.

८.
विशेष म्हणजे खुद्द इंग्लंडला या तत्त्वापर्यंत पोहोचायला आणखी सत्तर वर्षे लागली. सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक २६ जून १९०२ रोजी ठरला होता. मिरवणूक पाहण्यासाठी लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावरील खिडक्या लोकांनी मोठ्या भाड्याने घेतल्या. दोन दिवस आधी राजा आजारी पडल्याचे जाहीर झाले आणि सोहळा पुढे गेला. चँडलर नावाच्या गृहस्थाने १४१ पौंड १५ शिलिंग भाडे ठरवून त्यातले १०० पौंड आगाऊ दिले होते. न्यायालयाने १९०४ मध्ये निकाल दिला, की ते १०० पौंड परत मिळणार नाहीतच. शिवाय उरलेली रक्कम सोहळा पुढे जाण्याआधीच देय झाली होती, म्हणून तीही द्यावी लागेल. नुकसान जिथे पडले तिथेच राहील, हे त्यामागचे सूत्र होते.

९.
हे सूत्र मोडले ते दुसऱ्या महायुद्धात. जुलै १९३९ मध्ये फिब्रोसा या पोलिश कंपनीने लीड्सच्या कारखान्याकडे ४,८०० पौंडांची यंत्रे मागवली आणि १,००० पौंड आगाऊ भरले. माल गदिनिया बंदरात पोहोचवायचा होता. सप्टेंबरमध्ये युद्ध पेटले आणि ते बंदर जर्मनीच्या ताब्यात गेले. १९४२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने आधीचा नियम रद्द ठरवून १,००० पौंड परत करण्याचा आदेश दिला. मोबदला पूर्णतः फसला असेल, तर पैसे परत. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, ब्रिटिश संसदेने यावर स्वतंत्र कायदा केला. तोवर भारतातील कायद्याच्या पुस्तकात गायकाचे ते उदाहरण सत्तरी ओलांडून गेले होते.

१०.
स्वतंत्र भारतात सर्वोच्च न्यायालयाने कलम ५६ चा अर्थ सत्यब्रत घोष विरुद्ध मुगनीराम बांगूर या खटल्यात स्पष्ट केला. निकाल नोव्हेंबर १९५३ चा. कलकत्त्याजवळची जमीन युद्धकाळात सरकारने तात्पुरती ताब्यात घेतली होती आणि त्यामुळे भूखंडांचा करार संपला का, हा वाद होता. न्यायालयाने नाही म्हटले. त्या करारात काम अमुक तारखेपर्यंत पुरे झालेच पाहिजे अशी अट नव्हती, त्यामुळे तात्पुरत्या अडथळ्याने त्याचा पाया ढासळला नाही. विमानतिकिटाची स्थिती नेमकी उलट असते. तेथे दिनांक आणि वेळ हाच कराराचा गाभा. १० एप्रिलच्या लग्नासाठी काढलेले तिकीट डिसेंबरात वापरता येईल, असे सांगणे म्हणजे वेगळाच करार पुढे ठेवणे होय.

११.
याखेरीज विमान वाहतुकीचे स्वतःचे नियमही होते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, तिकिटांच्या परताव्याविषयी मे २००८ मध्ये नियम केले आणि २०१६ मध्ये ते सुधारले. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर रद्द झाल्यापासून सात दिवसांत परतावा. तिकीट एजंटमार्फत घेतले असेल, तरी जबाबदारी विमान कंपनीचीच. कारण एजंट हा तिचाच प्रतिनिधी. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम असे, की रक्कम ‘क्रेडिट शेल’मध्ये ठेवायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार प्रवाशाचा राहील, कंपनीने ती आपली सरसकट पद्धत करू नये.

१२.
क्रेडिट शेल म्हणजे काय? साध्या भाषेत ती कंपनीच्या वहीत प्रवाशाच्या नावे लिहून ठेवलेली जमा. तिच्यातून त्याच कंपनीचे पुढचे तिकीट घेता येते. बाजारात भाजी घेता येत नाही, घरभाडे भरता येत नाही. मार्च-एप्रिल २०२० मध्ये पगार कापले गेले, रोजगार गेले, रुग्णालयांची बिले आली. अशा वेळी प्रवाशाला रोख रकमेची गरज होती आणि त्याला मिळाली ती पुढच्या प्रवासाची हमी. प्रवाशाच्या मर्जीवर सोडलेली गोष्ट जवळपास नियमच होऊन बसली.

१३.
कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटना, म्हणजे आयाटा, हिने ३१ मार्च २०२० रोजी अंदाज मांडला, की जगभरातील विमान कंपन्यांवर विकल्या गेलेल्या पण न वापरलेल्या तिकिटांचे सुमारे ३५ अब्ज डॉलरचे देणे दुसऱ्या तिमाहीअखेर असेल. सगळे प्रवासी एकाच वेळी रोख मागू लागले तर कंपन्या कोसळतील, ही भीती खोटी नव्हती. भारतात जेट एअरवेजचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे उडाले, त्याला जेमतेम वर्ष होत होते. कंपनी बुडाली की तिकीटधारक हा तारण नसलेला धनको ठरतो आणि त्याचा क्रमांक बँकांच्या बराच मागे लागतो, हा धडा ताजा होता.

१४.
पण एक गोष्ट या युक्तिवादात बसत नव्हती. पहिली टाळेबंदी १४ एप्रिलपर्यंत होती. तिच्या काळातही अनेक कंपन्या १५ एप्रिलनंतरच्या प्रवासाची तिकिटे विकत राहिल्या. १४ एप्रिल रोजी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढली आणि ती तिकिटेही निरुपयोगी झाली. १६ एप्रिल रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने कार्यालयीन ज्ञापन काढले. त्यानुसार टाळेबंदीच्या पहिल्या टप्प्यात पैसे भरून ३ मेपर्यंतच्या प्रवासासाठी घेतलेल्या तिकिटांची पूर्ण रक्कम, मागणी केल्यापासून तीन आठवड्यांत, रद्द करण्याचे शुल्क न कापता परत करायची होती. १९ एप्रिल रोजी डीजीसीएने कंपन्यांना पुढील आदेशापर्यंत नवी विक्री थांबवायला सांगितले.

१५.
या ज्ञापनात एक मोठी फट होती. २५ मार्चपूर्वी ज्यांनी तिकिटे काढली, त्यांचा त्यात उल्लेखच नव्हता. उन्हाळी सुट्टी, लग्नसराई, परदेशातील शिक्षण यांची तिकिटे लोक महिनोन्‌महिने आधी काढतात. टाळेबंदी लागल्यावर तिकीट काढणाऱ्याला संरक्षण आणि जानेवारीत विश्वासाने पैसे भरणाऱ्याला क्रेडिट शेल, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

१६.
इतरत्र काय घडले? युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार उड्डाण रद्द झाल्यास सात दिवसांत परतावा द्यावा लागतो. एप्रिल २०२० अखेर बारा सदस्य देशांनी ही सक्ती तात्पुरती शिथिल करण्याची मागणी केली. युरोपीय आयोगाने मे महिन्यात व्हाउचर आकर्षक करण्याची शिफारस केली, पण ते घ्यायचे की नाही हे प्रवासीच ठरवेल, या भूमिकेवरून तो हटला नाही. अमेरिकेच्या परिवहन खात्याने ३ एप्रिल रोजीच स्पष्ट केले होते, की सरकारी निर्बंधांमुळे उड्डाण रद्द झाले तरी परताव्याचे बंधन कायम राहते. नियम शाबूत राहिले, तरी तेथेही पैसे वेळेवर मिळाले असे झाले नाही.

१७.
भारतात ‘प्रवासी लीगल सेल’ या संस्थेने एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात थेट याचिका दाखल केली. संस्था स्थलांतरितांच्या प्रश्नांवर काम करणारी होती, हे येथे अर्थपूर्ण आहे. आखाती देशांत अडकलेल्या कामगारांपुढे ही अडचण सर्वांत तीव्र होती. ७ मेपासून वंदे भारत मोहिमेची विमाने सुरू झाली, पण तीही मोफत नव्हती. जुन्या तिकिटाचे पैसे एका कंपनीकडे अडकलेले असताना नव्या तिकिटाचे भाडे उभे करायचे, तेही नोकरी गेलेली असताना. केरळप्रमाणेच कोकणातील अनेक घरे आखातातल्या पगारावर चालतात. त्यांच्या दृष्टीने परताव्याचा वाद हा घरी परतण्याचा वाद होता.

१८.
१ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायमूर्ती अशोक भूषण, आर. सुभाष रेड्डी आणि एम. आर. शहा यांच्या पीठाने निकाल दिला. २५ मार्च ते २४ मे या काळात, त्याच काळातील प्रवासासाठी विकलेल्या तिकिटांचे पैसे ताबडतोब परत करायचे; कारण ती तिकिटे विकायलाच नको होती. आधी काढलेल्या तिकिटांबाबत कंपन्यांनी १५ दिवसांत परतावा देण्याचा सर्वतोपरी प्रयत्न करावा. आर्थिक अडचणीमुळे ते जमत नसेल, तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल असे क्रेडिट शेल द्यावे. ते कोणत्याही मार्गावर चालावे आणि दुसऱ्याच्या नावे करता यावे. २४ मेनंतरच्या प्रवासाला डीजीसीएचे नेहमीचे नियम लागू राहतील.

१९.
म्हणजे न्यायालयाने मध्यम मार्ग काढला. डीजीसीएचे नियम काटेकोरपणे लावले तर विमान वाहतूक क्षेत्रच अधिक अडचणीत येईल, हे त्याने मान्य केले. मात्र त्याच निकालात एक असा आकडा आहे, ज्याकडे फारसे लक्ष गेले नाही. क्रेडिट शेलची रक्कम रद्द झाल्यापासून ३० जून २०२० पर्यंत दरमहा ०.५ टक्के आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दरमहा ०.७५ टक्के वाढवायची होती. एप्रिलच्या आरंभी रद्द झालेले १०,००० रुपयांचे तिकीट घेतले, तर पहिल्या तीन महिन्यांचे १५० आणि पुढच्या नऊ महिन्यांचे ६७५ मिळून मार्च २०२१ अखेर ते १०,८२५ रुपये होते.

२०.
निकालात या वाढीला व्याज म्हटलेले नाही. तिचे वर्णन ‘प्रोत्साहन’ असे आहे. पण ज्या रकमेवर दरमहा टक्केवारीने भर पडते, तिला सामान्य माणूस कर्जच म्हणेल. प्रवाशांनी आपल्या इच्छेविरुद्ध विमान कंपन्यांना कर्ज दिले होते, या वस्तुस्थितीची ही अप्रत्यक्ष कबुली होती. संकटकाळात उद्योग वाचवणे आवश्यक असेल, तर त्याचा भार सरकारने करांतून उचलावा, बँकांनी उचलावा की तिकीट काढून बसलेल्या माणसाने, हा खरा धोरणात्मक प्रश्न होता. उघड चर्चा न होता त्याचे उत्तर तिकीटधारकाच्या वाट्याला आले.

२१.
अंमलबजावणीत आणखी एक गाठ होती. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात जातो. म्हणजे आधी एजंटकडे आणि मग प्रवाशाकडे. विमान कंपनी म्हणे पैसे दिले, एजंट म्हणे आले नाहीत, आणि प्रवासी दोघांचे फोन क्रमांक फिरवत राही. छोट्या शहरांतील कित्येक एजंटांचीही कोंडी झाली. त्यांनी आपल्या भांडवलातून कंपनीकडे आगाऊ रक्कम भरून तिकिटे काढलेली होती. समोर उभा असलेला ग्राहक ओळखीचा आणि पैसे भलत्याच शहरातल्या कार्यालयात, अशी त्यांची अवस्था होती.

२२.
पुढे काय झाले? मार्च २०२१ मध्ये इंडिगोने आपण सुमारे १,०३० कोटी रुपये, म्हणजे जवळजवळ सर्व देणे, परत केल्याचे जाहीर केले. अमेरिकेच्या परिवहन खात्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये परताव्यातील दिरंगाईबद्दल सहा विमान कंपन्यांवर कारवाई केली. त्यांत एअर इंडियाही होती. १२ कोटी १५ लाख डॉलरचा परतावा आणि १४ लाख डॉलरचा दंड. हा विलंब कंपनी टाटांकडे जाण्यापूर्वीच्या काळातला होता. एकाच कंपनीचा परतावा कोणत्या देशाचा नियामक मागतो, यावर प्रवाशाच्या हक्काचे वजन ठरत होते.

२३.
भारतात शेवटचा अध्याय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने लिहिला. ‘यात्रा’ या ऑनलाइन तिकीट कंपनीकडे २०२१ मध्ये टाळेबंदीतील ३६,२७६ आरक्षणांचे २६ कोटी २५ लाखांहून अधिक रुपये थकले होते. जून २०२४ मध्येही ४,८३७ आरक्षणांचे सुमारे २ कोटी ५२ लाख रुपये बाकी होते. प्राधिकरणाने आदेश दिला, की कंपनीने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर पाच जागा स्वतःच्या खर्चाने ठेवाव्यात आणि उरलेल्या प्रवाशांना फोन करून त्यांचे पैसे द्यावेत. टाळेबंदीला तेव्हा चार वर्षे उलटून गेली होती.

२४.
या आदेशातील लक्षणीय बाब म्हणजे फोन कुणी कुणाला करायचा, हे उलटे झाले. चार वर्षे प्रवासी कंपनीला फोन करत होते. आता कंपनीने प्रवाशाला शोधायचे होते. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये केलेल्या नियमाची दिशाही हीच आहे. उड्डाण रद्द झाले आणि प्रवाशाने पर्याय स्वीकारला नाही, तर त्याने न मागता परतावा द्यायचा. कार्डाने पैसे भरले असतील तर कामकाजाच्या सात दिवसांत.

२५.
दीडशे वर्षांचा हा प्रवास पाहिला तर दिसते, की हक्काबद्दल कायदा फारसा गोंधळलेला नव्हता. गायकाने १,००० रुपये परत करावेत, हे १८७२ मध्येच लिहून झाले होते. अडचण ताब्याची होती. पैसा ज्याच्या हाती आहे त्याला थांबणे परवडते. ज्याचा आहे त्याला रांगेत उभे राहावे लागते, अर्ज करावे लागतात आणि शेवटी थकून क्रेडिट शेल स्वीकारावे लागते. पुढची साथ, पुढचे युद्ध किंवा पुढचा बंद हवाई मार्ग येईल तेव्हा हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. तेव्हा परतावा मागावा लागतो की आपोआप मिळतो, यावरच त्या जुन्या कलमाची किंमत ठरेल.

(थ्रेड समाप्त)